भिंतीवरचा दांडा

बॅलेवाले त्याला 'बार' म्हणतात. दिसायला साधा लाकडी दांडा. मुठीत मावेल एवढा जाड, गोल, पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेला, भिंतीतल्या लोखंडी ब्रॅकेटांवर आडवा टेकलेला. उंची मोठ्या माणसाच्या कमरेच्या जरा वर. लहान मुलांच्या वर्गात त्याच्या खाली हातभर अंतरावर एक धाकटा भाऊ असतो. खोली मोठी, माणसं जास्त आणि भिंती अपुऱ्या असं झालं की स्वतःच्या पायांवर उभे राहणारे, उचलून नेता येणारे त्याचे चुलत भाऊ मधोमध मांडतात. घराणं एवढंच.

प्रसिद्धीची हौस त्याला नाही. पडदा उघडतो तेव्हा तो मागे कुठल्या तरी मजल्यावर, रिकाम्या खोलीत असतो. क्वचित कुणाला त्याची आठवण होते. डेन्मार्कच्या ऑगस्ट बूर्नोनव्हिलने १८४९ साली तरुणपणी पाहिलेला पॅरिसचा नृत्यवर्गच रंगमंचावर आणला, आणि जवळजवळ शंभर वर्षांनी, १९४८ साली, त्याच कोपनहेगनमध्ये हाराल्ड लांडेरने 'एत्यूद' नावाचा बॅले रचला, त्याची सुरुवातच या दांड्यापाशी होते. हे दोघेही आधी नर्तक, मग मास्तर. दांड्याला रंगमंचावर नेण्याची बुद्धी अशाच माणसांना होणार.

त्याचा दिवस सकाळी दहाच्या सुमारास सुरू होतो. पॅरिस असो, मॉस्को असो की न्यूयॉर्क, नर्तक येतात, उबदार मोजे आणि विटके स्वेटर चढवून आपापली जागा धरतात. जागा ठरलेल्या असतात, आणि नवख्याने चुकून एखाद्या जुन्याच्या जागी हात टेकला तर कोणी बोलत नाही, पण त्याला ते कळतं. पियानो सुरू होतो. डावा हात दांड्यावर, उजवा पाय कामाला. आधी प्लिए, म्हणजे गुडघे बाहेर वळवून हळूहळू वाकणं. मग तांद्यू, पाय जमिनीवरून न उचलता ताणत नेणं. मग रों द जांब, फाँद्यू, फ्रापे, आणि शेवटी ग्रां बातमाँ, म्हणजे पाय खाड्कन वर फेकणं. एक बाजू झाली की वळायचं, उजवा हात दांड्यावर आणि तेच सगळं डाव्या पायाने. अर्धा-पाऊण तास हेच. आदल्या रात्री 'स्वान लेक'मध्ये राणी म्हणून टाळ्या घेतलेली बाई आणि तिच्या मागे बत्तिसावा हंस असलेली पोरगी दोघी इथे एकाच ओळीत, एकाच सुरावर वाकतात. ही समता त्याने कुठल्या जाहीरनाम्याशिवाय आणली आहे.

त्याचा स्वभाव कळायला आपला मल्लखांब आठवावा. मल्लखांबावर सगळा भार खांबावर. पकड हीच विद्या. हा दांडा नेमका उलट्या वृत्तीचा. त्याला धरलेलं आवडत नाही. बोटं वर नुसती ठेवायची, अंगठाही शक्यतो खाली घालायचा नाही. एका पायावर उभ्या असलेल्या मुलीने भीतीने मूठ आवळली की मागून मास्तरांचा आवाज येतो, 'हात सोड.' सोडल्यावर ती डगमगली, म्हणजे मघापासून ती स्वतःच्या पायावर नव्हतीच, दांड्यावर उभी होती. मधोमध जाऊन फिरायचं, उडी मारायची, जोडीदाराच्या खांद्यावर चढायचं, या सगळ्याची परीक्षा तिथेच झालेली असते. आधार म्हणून भिंतीला लावलेल्या या गृहस्थाची सारी खटपट आपली गरज संपावी म्हणून असते.

आता त्याच्या दुसऱ्या नात्याकडे येतो. खरं तर त्यासाठीच हे लिहायला घेतलं.

बॅले शिकणारं मूल आठ-दहाव्या वर्षी त्याच्यापाशी येतं. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी कंपनीत जातं. पस्तिशी ते चाळिशीच्या दरम्यान नितंबाचा सांधा, घोटा, गुडघा, पाठ यांपैकी कोणीतरी राजीनामा देतं आणि नाच थांबतो. पॅरिस ऑपेरात तर हे कागदावर लिहिलेलं आहे. तिथल्या नर्तकांची निवृत्ती बेचाळिसाव्या वर्षी, आणि त्यांची पेन्शन चौदाव्या लुईच्या काळातली, १६९८ पासूनची. सरकारने या व्यवस्थेला हात घालायचं ठरवलं तेव्हा २४ डिसेंबर २०१९ रोजी, थंडीत, ऑपेराच्या नर्तिकांनी पॅले गार्निएच्या पायऱ्यांवर उघड्यावर 'स्वान लेक' नाचून संप केला. मला तो निषेध फार शहाणपणाचा वाटला. बेचाळिसाव्या वर्षी आपल्याकडे माणूस गृहकर्जाच्या निम्म्यावर असतो. त्या वयात ज्याची विद्या शरीराने परत घेतली, त्याने पुढची चाळीस वर्षं काय करायचं, हा प्रश्न कागदी नव्हता.

यावर निरनिराळे उपाय निघाले. ब्रिटन, हॉलंड, कॅनडा इथे निवृत्त नर्तकांना नवा धंदा शिकता यावा म्हणून निधी आहेत. त्यातून कोणी वकील झालं, कोणी फिजिओथेरपिस्ट. १९९१ साली रचनाकार यिरी किलियानने हॉलंडमध्ये चाळिशी ओलांडलेल्या नर्तकांचीच एक तुकडी काढली आणि त्यांच्या वयाला शोभतील असे नाच बसवून घेतले. पण नाचणं सुटलेली बरीच माणसं काही ना काही निमित्ताने पुन्हा दांड्याच्याच खोलीत येतात. फरक एवढाच की या वेळी हात त्याच्यावर नसतो. ती त्याच्या कडेने चालत जातात.

हे चालणं बघण्यासारखं असतं. २०१४ पासून जगभरच्या बड्या कंपन्या वर्षातून एक दिवस आपले सकाळचे वर्ग इंटरनेटवर दाखवतात, तेव्हा सहज दिसतं. पाय जरा बाहेर वळलेले, मान अजून ताठ, अंगावर साधी पँट, पायात मऊ बूट. साठी-सत्तरीचा मास्तर पुढचा व्यायाम सांगतो तो पायाने नाही, हातांनी. दोन तळवे म्हणजे दोन पावलं. डावा तळहात पुढे, उजवा मागून येऊन त्याला ओलांडतो, बोटं हवेत दोनदा आडवी-उभी होतात आणि खाली येतात. झाली उडी. समोरची वीस जणं मान डोलावतात, कारण त्यांना त्या हातांत पाय दिसले. मग मास्तर ओळीतून फिरतो. कुणाच्या बरगड्यांवर बोट, कुणाची टाच जराशी पुढे. एखाद्यापाशी काहीच न बोलता थांबतो आणि पुढे जातो; ते सर्वांत वाईट.

अशा मास्तरांतला एक चित्रात अमर आहे. एदगार देगाने १८७४ साली रंगवलेला नृत्यवर्ग न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. मधोमध पांढऱ्या केसांचा, काठीवर दोन्ही हात टेकून उभा असलेला म्हातारा म्हणजे झ्यूल पेरो. एके काळी मारी ताल्योनीबरोबर नाचलेला. चेहरा देखणा नाही, पण उडी अशी की लोक चेहरा विसरायचे. १८४१च्या 'जिझेल'मधले नायिकेचे बरेचसे नाच त्यानेच बसवले आणि जाहिरातीत त्याचं नावही नव्हतं. पुढे तो पीटर्सबर्गला मास्तर झाला. देगाने चित्र काढलं तेव्हा ती तालमीची खोली जळून वर्ष व्हायला आलं होतं. पॅरिसचं जुनं ऑपेरागृह १८७३ मध्ये खाक झालं. म्हणजे खोली आठवणीतली, मास्तर खरा. त्याच देगाच्या १८७७च्या एका चित्रात दोन मुली दांड्यापाशी पाय वर टाकून उभ्या आहेत आणि जवळच एक पाण्याची झारी आहे. लाकडी जमिनीवरची धूळ बसावी म्हणून वर्गाआधी पाणी शिंपडत. झारीची तोटी आणि मुलीचा पाय एकाच कोनात. देगाला विनोद कळत होता. पेरोकडे पाहताना मात्र वाटतं, नाचत होता तोवर याने आडव्या दांड्यावर हात ठेवला, आणि मास्तर झाल्यावर उभा दांडा हातात घेतला.

दांड्याला वर्गात आजची बैठक मिळाली ती साधारण पेरोच्या तरुणपणी. मिलानच्या कार्लो ब्लासिसने १८२० साली बॅलेच्या शिक्षणावर पुस्तक छापलं, आणि दुखापतीने नाच सुटल्यावर १८३७ पासून ला स्काला रंगगृहाच्या शाळेत शिकवलं. त्याचा शिष्य लेप्री, लेप्रीचा शिष्य एन्रिको चेकेत्ती. बॅलेच्या घराण्यांत गुरूचा गुरू कोण हे अगदी आपल्या गायकांसारखं विचारतात, आणि चेकेत्तीपाशी आलं की अर्ध्या जगाच्या वाटा एकत्र येतात. जानेवारी १८९० मध्ये पीटर्सबर्गला 'स्लीपिंग ब्यूटी'चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा हा इटालियन एकोणचाळीस वर्षांचा होता. त्या रात्री त्याने दोन भूमिका केल्या: दुष्ट परी काराबोस, आणि निळा पक्षी, ज्याच्या उड्यांनी आजही पंचविशीतल्या पोरांचे पाय दुखतात. मग तो मास्तर झाला. आन्ना पाव्हलोव्हाने त्याच्याकडे खासगी शिकवणी घेतली, निजिन्स्की आणि कार्साविना त्याच्या हाताखालून गेले. वारानुसार त्याचे वर्ग ठरलेले. सोमवारचा सोमवारी, मंगळवारचा मंगळवारी, बदल नाही. शेवटी तो मिलानला ला स्कालात परतला आणि १९२८ साली वारला तोवर शिकवत होता.

मला चेकेत्तीपेक्षा आग्रिपिना वागानोवा जास्त कळते, कारण तिचं यश उशिराचं आहे. बुटकी, पाय जाड, चेहऱ्यात राजकन्या नाही. १८९७ साली ती पीटर्सबर्गच्या राजनाट्यगृहात लागली. एकट्याने करायचे छोटे, कठीण नाच तिच्याइतके स्वच्छ कोणी करत नसे, पण मुख्य भूमिका इतरांना. १९१५ साली एकदाची 'बॅलेरिना' ही पदवी मिळाली आणि पुढच्याच वर्षी, छत्तिशीत, ती निवृत्त झाली. अठरा वर्षं दारात उभं ठेवून आत घ्यायचं आणि वर्षभरात आता निघा म्हणायचं, यातला प्रकार कुठल्याही सरकारी कचेरीत काम केलेल्याला समजेल.

पण त्या अठरा वर्षांत ती रिकामी बसली नव्हती. ज्यांना उडी देवाने दिली त्यांनी ती कशी दिली हे विचारण्याचं कारण नसतं. वागानोवाला दिली नव्हती, म्हणून ती विचारत राहिली. इटालियन बायका इतक्या गिरक्या न डगमगता कशा घेतात? फ्रेंच हात मऊ दिसतात ते कोपरामुळे की पाठीमुळे? जोर नेमका कुठून निघतो? १९२१ पासून क्रांतीनंतरच्या पेत्रोग्रादमध्ये, थंडीत आणि उपासमारीत, ती शाळेत शिकवू लागली आणि ही उत्तरं दांड्यापाशी मांडू लागली. पायाच्या साध्या व्यायामातसुद्धा पाठ, मान, हात, नजर सगळी एकदम वागली पाहिजेत, हा तिचा आग्रह. १९२५ मध्ये तिच्या हातून मारिना सेम्योनोव्हा बाहेर पडली, १९२८ मध्ये गालिना उलानोव्हा, १९३१ मध्ये नतालिया दुदिन्स्काया. १९३४ साली तिने पुस्तक लिहिलं, आणि ती गेल्यावर १९५७ साली शाळेलाच तिचं नाव दिलं. नाचायला ज्या बाईला मुख्य भूमिका देताना हात आखडला, तिच्या नावाच्या शाळेत आज प्रवेशासाठी रांगा लागतात. सेम्योनोव्हा पुढे मॉस्कोच्या बल्शोईत शिकवायला गेली. नव्वदी उलटल्यावरही ती तालमीच्या खोलीत नर्तकांना दटावत होती. २०१० मध्ये वारली तेव्हा एकशेदोन पुरे व्हायला तीन दिवस कमी होते. दांड्याच्या संगतीत माणसं बहुधा चिवट होतात.

पीटर्सबर्गचीच दुसरी बाई अगदी वेगळ्या थाटाची. मातिल्दा क्षेसिन्स्काया. शेवटचा झार राजपुत्र असताना त्याची मैत्रीण, नाट्यगृहात जिच्या शब्दापुढे संचालक वाकत, पीटर्सबर्गमध्ये स्वतःचा वाडा. १९१७ मध्ये बोल्शेव्हिकांनी तो वाडा ताब्यात घेतला आणि तिच्या सज्जातून लेनिनने भाषणं केली. ती फ्रान्सला पळाली. १९२९ साली, पन्नाशी उलटल्यावर, तिने पॅरिसमध्ये वर्ग उघडला. दागिने गेले, वाडा गेला, झारही गेला. जवळ उरलं ते पीटर्सबर्गच्या शाळेत लहानपणी अंगात भिनलेलं. त्यावर तिने पुढे तीसहून जास्त वर्षं घर चालवलं. त्याच गावात ओल्गा प्रेओब्राझेन्स्काया आणि ल्युबोव्ह येगोरोव्हा या तिच्या जुन्या सहकारी-प्रतिस्पर्धी बायकांचेही वर्ग होते. १९३२ च्या सुमाराला रचनाकार जॉर्ज बॅलनशीनला नव्या कंपनीसाठी मुली हव्या होत्या, तेव्हा तो याच खोल्यांतून हिंडला आणि बारा-चौदा वर्षांच्या तीन मुली घेऊन गेला. जगाने त्यांना 'बेबी बॅलेरिना' म्हणून डोक्यावर घेतलं. दोघी प्रेओब्राझेन्स्कायाच्या, एक क्षेसिन्स्कायाची. राज्यं बुडतात, पण ज्याच्या पाठीत प्लिए शाबूत आहे त्याची पोळी अगदीच जात नाही.

नेहमीच असं होत नाही. मारी ताल्योनी, १८३२ मध्ये 'ला सिल्फीद' नाचून पायाच्या टोकावर उभं राहण्याला कवितेची प्रतिष्ठा देणारी, निवृत्तीनंतर पॅरिसला परत आली ती एम्मा लिव्री या मुलीचा नाच पाहायला. तिला तिने शिष्या केलं, आणि १८६० मध्ये तिच्यासाठी 'ल पापिय्याँ' रचला. ताल्योनीची एकुलती रचना. १८६२ मध्ये तालमीत गॅसच्या दिव्यावर लिव्रीचा झगा पेटला. आठ महिन्यांनी ती गेली. मग युद्धात ताल्योनीचे पैसे बुडाले आणि म्हातारपणी ती लंडनमध्ये श्रीमंतांच्या मुलांना चालायचं कसं, मुजरा कसा करायचा, हे शिकवत बसली. त्या दिवाणखान्यांत दांडा नव्हता.

वर्ग घेणं हे या लोकांचं एक काम. दुसरं काम दांडा कडेला सारल्यावर सुरू होतं: जुनी भूमिका नव्या शरीरात उतरवणं. हे करणाऱ्याला 'कोच' म्हणतात, 'रेपेतितर' म्हणतात. बॅलेला लिपी नाही असं नाही. पीटर्सबर्गच्या नाट्यगृहातला निकोलाय सर्गेयेव क्रांतीनंतर रशियातून निघताना तिथला जुना रचनाकार पेतिपा याच्या बॅलेंच्या टिपणवह्या घेऊन निघाला, आणि त्यांच्याच बळावर १९३० च्या दशकात लंडनच्या निनेट द व्हालॉयच्या कोवळ्या कंपनीत 'जिझेल', 'स्वान लेक', 'स्लीपिंग ब्यूटी' उभे राहिले. पण पाऊल कुठे पडतं हे वहीत मिळतं. ते पडण्याआधी श्वास कुठे घ्यायचा, हे ज्याने घेतलाय त्यालाच विचारावं लागतं.

याचं माझं आवडतं उदाहरण तमारा कार्साविनाचं. निजिन्स्कीची जोडीदार, १९१० मध्ये 'फायरबर्ड' पहिल्यांदा नाचलेली. लंडनला स्थायिक झाली होती. १९५४ मध्ये तिथल्या नर्तिका मार्गो फाँटेनला हीच भूमिका करायची होती, तर कार्साविनाने ती तिला शिकवली. हा पक्षी हंसासारखा करुण नाही, रानटी आहे, हे तिने अंगाने सांगितलं. मग १९६० मध्ये फ्रेडरिक अ‍ॅशटन 'ला फीय माल गार्दे' नव्याने रचत होता. खेडवळ मुलगी लीझ घरात एकटी बसून आपलं लग्न झाल्यावर काय काय होईल, किती मुलं होतील, हे हातवाऱ्यांनी स्वप्नात बघते, असा एक मूक प्रसंग जुन्या रशियन प्रयोगात होता. तो पंचाहत्तरीच्या कार्साविनाला आठवत होता. तिने अ‍ॅशटनला करून दाखवला, अ‍ॅशटनने नादिया नेरिनाला दिला. आज लंडनमध्ये कोणीही लीझ झाली की त्या प्रसंगात झारच्या पीटर्सबर्गमधली एक संध्याकाळ काही मिनिटं जिवंत होते, आणि प्रेक्षक मुलीच्या भोळेपणाला हसत असतात.

तिसरा वर्ग रचनाकारांचा. कोरिओग्राफर दांड्याशी जरा तुटकपणे वागतो. तो त्याला पाठ टेकून उभा राहतो आणि मधोमध बघतो. त्याला पायाची दुरुस्ती करायची नसते, पायातून काहीतरी निघायला हवं असतं. तरी यांतले थोर लोक मास्तरकी सोडत नाहीत. बॅलनशीन अमेरिकेत आला तेव्हा कंपनीआधी शाळा हवी, हा त्याचा हट्ट होता. जानेवारी १९३४ मध्ये शाळा उघडली. मुलींना रंगमंचावर वावरणं यावं म्हणून त्याने संध्याकाळच्या वर्गात चायकोव्हस्कीच्या संगीतावर एक नाच बसवायला घेतला. पहिल्या दिवशी सतरा मुली होत्या, म्हणून सुरुवात सतरा जणींची. दुसऱ्या दिवशी कमी आल्या, तो भाग कमी जणींचा. एक मुलगी धावता धावता पडून रडली, एक उशिरा आली. दोन्ही गोष्टी नाचात गेल्या. तो 'सेरेनाद'. त्याच वर्षी जूनमध्ये न्यूयॉर्कजवळच्या एका इस्टेटीत उघड्यावर पहिला प्रयोग झाला. आज जगभरच्या कसलेल्या कंपन्या तो नाचतात आणि ते पडणं, ते उशिरा येणं अत्यंत गांभीर्याने करतात. शिकाऊ पोरींच्या हजेरीपटातून एवढी मोठी कलाकृती निघाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

बॅलनशीनच्याच कंपनीतला आर्थर मिचेल हा तिथला पहिला काळा प्रमुख नर्तक. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंगचा खून झाला आणि मिचेलने ठरवलं की आपण जिथे वाढलो त्या हार्लेममध्ये जाऊन शिकवायचं. उन्हाळ्यात एका गॅरेजमध्ये वर्ग भरे. उकाड्यामुळे दारं उघडी ठेवली, तर रस्त्यावरची पोरं डोकावली, आणि डोकावलेली आत आली. पुढच्या वर्षी त्यातून 'डान्स थिएटर ऑफ हार्लेम' उभं राहिलं. नाचाच्या शिखरावर असताना, पस्तिशीच्या आत, स्वतःहून मास्तरकीकडे वळलेल्यांत मी मिचेलचं नाव सगळ्यांत वर ठेवतो. बाकीच्यांना बहुतेक वेळा गुडघ्याने पाठवलेलं असतं.

एक वळण मजेचंही आहे. जर्मनीतून निर्वासित होऊन लंडनला आलेल्या लोटे बर्क नावाच्या नर्तिकेची पाठ दुखावली, आणि १९५९ मध्ये तिने नर्तकांचे दांड्याचे व्यायाम आणि पाठीसाठी दिलेले उपचार एकत्र करून सामान्य बायकांसाठी वर्ग काढला. तिथून निघालेले 'बार' वर्ग आता मुंबई-पुण्याच्या जिमपर्यंत आले आहेत. तिथे दांड्याला धरून मांड्या थरथरेपर्यंत वाकतात, खाली घोषणा देणारी प्रशिक्षिका, वर इंग्रजी गाणी. दांड्याची याला हरकत दिसत नाही. त्याने क्षेसिन्स्कायाला सांभाळलंय, तो मांड्या बारीक करणाऱ्यांनाही सांभाळेल.

आपल्याकडे तो खऱ्या कामासाठीही आहे. पाव्हलोव्हा १९२० च्या दशकात दोनदा भारतात येऊन नाचली. तिच्यामुळे रुक्मिणीदेवी अरुंडेलना आधी बॅलेची ओढ लागली. पाव्हलोव्हाच्या कंपनीतल्या क्लिओ नोर्डीकडे त्या बॅले शिकल्याही, आणि मग स्वतःच्या देशातल्या नाचाकडे वळल्या. मुंबईत तुष्णा दल्लास यांनी १९६६ मध्ये बॅलेची शाळा काढली. पारशी आणि ख्रिस्ती घरांतल्या मुलींबरोबर हळूहळू बाकीच्याही येऊ लागल्या. अलीकडे येहुदा माओर हा इस्रायली नर्तक-शिक्षक मुंबईत येऊन शिकवू लागला. टॅक्सीचालकाचा मुलगा मनीष चौहान आणि वेल्डरचा मुलगा अमीरुद्दीन शाह त्याच्या हातून तयार झाले. अमीरुद्दीन २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलला गेला. सूनी तारापोरवालांनी त्यावर २०२० मध्ये 'ये बॅले' हा सिनेमा काढला, आणि त्यात मनीषने स्वतःचीच भूमिका केली. ही गोष्ट प्रतिभेची म्हणून सांगतात. मला ती मास्तरची वाटते. मुंबईत उड्या मारणारी पोरं गल्लोगल्ली आहेत. ती आधी दांड्यापाशी उभी करून 'हात सोड' म्हणणारा माणूस दुर्मीळ.

म्हणून ज्यांची मुलगी किंवा मुलगा मुंबईत, पुण्यात, पणजीत बॅलेला जातो किंवा जायचं म्हणतो, त्यांना एक सुचवतो. वार्षिक कार्यक्रमाचे फोटो आणि झगे बघून क्लास ठरवू नका. एक दिवस सकाळी जाऊन वर्गात कोपऱ्यात बसा. मास्तर किंवा मॅडम कुणाकडे शिकल्या, कुठे नाचल्या, हे विचारा. चांगल्या शिक्षकाला हा प्रश्न आवडतो. मुलं दांड्यापाशी किती वेळ असतात ते बघा, आणि शिक्षक एका जागी उभे राहून मोजतात की ओळीतून फिरून एकेकाचा खांदा, टाच, हनुवटी नीट करतात तेही बघा. आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलीला पायाच्या टोकावर उभं राहायचे कडक बूट घालायला लावत असतील, तर फी परत मिळो न मिळो, मुलीला घेऊन घरी या. ते बूट काही वर्षांच्या पक्क्या तयारीनंतर, साधारण अकरा-बारा वर्षांच्या पुढे, पायाची हाडं आणि घोटे तपासूनच घालायचे असतात.